समुद्रापसरण, कोकण किनाऱ्यावरील

कोकणात समुद्र आजच्या पातळीपेक्षा कधी वर, तर कधी बराच खाली होता, हे दाखवणाऱ्या भूशास्त्रीय खुणा. अशा बदलांना कधी कधी ‘समुद्र आटला’ असे म्हटले जाते. पण समुद्र खरोखर आटला की मीठ व जिप्समचे जाड थर मागे राहतात. भूमध्य समुद्राखालचे असे थर सुमारे ५९.७ ते ५३.३ लाख वर्षांपूर्वीचे मानले जातात. कोकणातील बेसॉल्ट व जांभ्याच्या प्रदेशात तसे काही आढळत नाही. त्यामुळे येथील बदलांना समुद्राचे अपसरण, म्हणजे किनाऱ्यापासून मागे हटणे, म्हणणेच सयुक्तिक ठरते.

गेल्या हिमयुगाच्या ऐन भरात, सुमारे २०,००० वर्षांपूर्वी, जगभर सागरपातळी आजच्यापेक्षा सुमारे १२० मी. खाली होती. मुंबईसमोरील रुंद भूखंडमंचाचा (किनाऱ्यालगतच्या उथळ समुद्रतळाचा) मोठा भाग तेव्हा उघडा असावा. उथळ, खळबळत्या पाण्यात तयार होणारा गोल कणांचा चुनखडक आज तेथे खोल पाण्यात सापडतो.

किनाऱ्यावरचा मुख्य पुरावा म्हणजे ‘करल’. पुळणीतील वाळू, गोटे व शिंपल्यांचा चुरा कॅल्शियम कार्बोनेटने सांधला जाऊन हा खडक बनतो. ताज्या तुकड्यात शिंपल्यांच्या कडा नुसत्या डोळ्यांनी दिसतात. हे सांधकाम बहुधा भरती-ओहोटीच्या पट्ट्यात होते. म्हणून भरतीरेषेच्या वर राहिलेली करल पातळी उतरल्याची किंवा जमीन उचलली गेल्याची खूण ठरते. यांपैकी नेमके काय घडले, हे एकट्या करलीवरून ठरत नाही. कार्बन-१४ पद्धतीने मिळणारे वय शिंपल्याचे असते, खडक सांधला गेल्याचे नव्हे. शिंपले त्याआधीच कित्येक वर्षे पुळणीवर घोळलेले असू शकतात. शिवाय समुद्राच्या पाण्यातील जुन्या कार्बनमुळे ते काही शतकांनी अधिक जुने भासतात. नंतर झिरपलेला चुना मात्र वय कमीही दाखवू शकतो. दुरुस्ती न करता दिलेली जुनी वये म्हणूनच जपून घ्यावीत.

हरिहरेश्वरच्या कड्यातील लाटांच्या खाचा व तळाचे सपाट खडक पुष्कळदा उल्लेखिले जातात. पण बेसॉल्टमधील खाचेचे वय ठरवणे कठीण असल्याने तो दुय्यम पुरावा मानणे बरे.

मुंबईतील खुणा उलट दिशेच्या आहेत. १८८० मध्ये वापरात आलेल्या प्रिन्सेस डॉक या गोदीसाठी केलेल्या खोदकामात चिखलाखाली खैराचे बुंधे मुळांसह उभे सापडले. जमीन खचली असावी, असे तेव्हापासून सांगितले जाते. पातळी वाढल्यानेही हे घडू शकते. परशुरामाने बाण मारून समुद्र हटवल्याची कथा या चर्चेत हमखास येते, मात्र तिच्या आधारे कालनिर्णय करता येत नाही.