काम न कळणारा साहेब

ज्यांच्यावर देखरेख करायची त्यांचं काम साहेबाला स्वतःला येत नाही, तरी पगारवाढ, डेडलाइन, रजा सगळं त्याच्याच हातात, अशी ही व्यवस्था. मुंबईत सीप्झ किंवा बीकेसीतल्या आयटी ऑफिसांत ही रोजची गोष्ट आहे, पण हॉस्पिटल आणि सरकारी खातीपण यातून सुटलेली नाहीत.

खरा त्रास मोजण्यात होतो. काम कळत नाही म्हणून साहेब जे दिसतं तेच मोजतो, किती तास बसला, किती मेल पाठवले, तक्रारींची किती तिकिटं क्लोज केली, आणि ज्या माणसाने आधीच नीट बांधणी केल्यामुळे काही बिघडलंच नाही त्याच्या रकान्यात शून्य. हा अन्याय आहे, आणि अशी माणसं मग गुपचूप नोकरी सोडतात.

मुंबईच्या गिरणगावात उलटं होतं. १८५६ मध्ये ताडदेवला पहिली कापड गिरणी चालू झाली, आणि पुढे गिरण्यांत कामगारांवर जो जॉबर असायचा तो साच्यावरूनच, म्हणजे मागावरूनच वर आलेला, सूत सारखं का तुटतंय हे त्याला कळायचं. पण तोच भरतीला दस्तुरी (नोकरी लावून द्यायचे पैसे) खायचा, म्हणजे काम येणं एवढ्याने भागत नाही.

अमेरिकेतलं चॅलेंजर अंतराळयान तर यासाठी आठवायलाच हवं. २८ जानेवारी १९८६ च्या आदल्या रात्री त्याचं बूस्टर रॉकेट बनवणाऱ्या कंपनीचे इंजिनियर सांगत होते की एवढ्या थंडीत जोडावरच्या रबरी रिंगा नीट बसणार नाहीत, उडवू नका. त्यांच्या वरिष्ठाला इंजिनियरची टोपी काढून मॅनेजरची घाल असं सांगितलं गेलं, यान उडवलं, ते हवेतच फुटलं, आणि आतले सात जण गेले. तो वरिष्ठ स्वतः इंजिनियरच होता! न कळणं वेगळं आणि ज्याला कळतं त्याचं न ऐकणं वेगळं, दुसरं जास्त घातक.

न कळणारा साहेबसुद्धा चांगला असू शकतो, अट एवढीच की त्याने विचारावं, आणि वरून येणारं प्रेशर स्वतः झेलावं. मुंबई महापालिकेचा आयुक्त आयएएस असतो, त्याच्या हाताखाली पाण्याचं काम जल अभियंता बघतो, आणि अगदी खाली असतो चावीवाला, जो रोज ठरलेल्या वेळी गल्लीतला व्हॉल्व्ह फिरवतो. कुठली चावी किती फिरवली की टेकडीवरच्या चाळीत पाणी चढतं हे फाइलीत बघून कळत नाही, त्यालाच विचारावं लागतं.