बिनशेगडीचे इटालियन स्टार्टर्स

बिनशेगडीचे इटालियन स्टार्टर्स : गॅस, ओव्हन किंवा मायक्रोवेव्ह न लावता, ताजी भाजी-फळे, चीज, तेल आणि बरणीतले तयार जिन्नस यांची नुसती जुळणी करून मांडायचे इटालियन धाटणीचे पदार्थ. इटलीत मुख्य जेवणाआधी जे थोडे थोडे तोंडात टाकायला देतात त्याला अँतिपास्तो म्हणतात. त्यातला न शिजवता होणारा भाग ठाणे आणि नवी मुंबईतल्या घरगुती पार्ट्यांमध्ये आता चांगलाच रुळला आहे. वाढदिवस, भिशी, किटी, नव्या घराची पार्टी, सोसायटीच्या गच्चीवरचे स्नेहसंमेलन अशा प्रसंगी समोसे-कटलेटच्या शेजारी किंवा त्यांच्याऐवजी हे पदार्थ मांडले जातात.

त्याचे कारण घरांच्या रचनेत आहे. घोडबंदर रोडपासून खारघरपर्यंतच्या फ्लॅटमध्ये स्वयंपाकघर दोन माणसांपुरतेच असते. तळणीचा स्टार्टर ठेवला की घरातले एक माणूस सगळी संध्याकाळ कढईपाशी अडकते आणि पाहुण्यांशी त्याचे धड बोलणेही होत नाही. अनेक संकुलांच्या क्लबहाऊसमध्ये शेगडी पेटवायला परवानगी नसते. मे महिन्यात तर ओट्यापाशी उभे राहणेच नको होते. तरीही या पदार्थांना केवळ सोय म्हणून पाहणे चुकीचे ठरेल. विस्तव नसला की मसाला, फोडणी आणि तळणीचा खमंगपणा यांचा आधार जातो, आणि टोमॅटो टोमॅटोसारखा, तेल तेलासारखे लागते. म्हणून यात कष्ट कमी आणि पारख जास्त लागते.

न शिजवता वाढण्याची रीत मराठी घराला नवी नाही. चैत्रगौरीच्या हळदीकुंकवाची आंबेडाळ भिजवलेली हरभराडाळ वाटून, कैरी किसून होते, आच लागते ती वरच्या फोडणीपुरती. कोशिंबीर करणाऱ्या हाताला काकडी आयत्या वेळी का चिरायची आणि मीठ शेवटी का घालायचे हे वेगळे शिकवावे लागत नाही. इटालियन पदार्थांनाही नेमके हेच नियम लागू पडतात.

जिन्नस

टोमॅटो मूळचा अमेरिका खंडातला, इटलीत तो सोळाव्या शतकात पोहोचला. आपल्या बाजारात नाशिक आणि जुन्नर-नारायणगाव भागातून येणारा लांबट, जाड सालीचा टोमॅटो प्रवासाला टिकावा म्हणून बऱ्याचदा अर्धकच्चा तोडलेला असतो. तो घरी आणून दोन-तीन दिवस टोपलीत, देठाची बाजू खाली करून, पिकू द्यावा. फ्रिजमध्ये टाकू नये, कारण साधारण १२ अंश सेल्सिअसच्या खाली टोमॅटोत सुगंध तयार होणेच मंदावते. चेरी टोमॅटो महाग असले तरी पार्टीला सोयीचे, एक घास एक नग. वाशीजवळ तुर्भ्याच्या कृषी उत्पन्न बाजार समितीत चेरी टोमॅटो, झुकिनी, बेसिल, रंगीत ढोबळी मिरची हा ‘एक्झॉटिक’ माल घाऊक भावाने मिळतो. वीस-पंचवीस पाहुणे असतील तर नवी मुंबईकरांनी पहाटे तिकडे चक्कर टाकणे परवडते. ठाण्यात मोठ्या भाजीवाल्यांकडे आणि घरपोच किराणा देणाऱ्या ॲपवर हाच माल छोट्या डब्यांत मिळतो.

चीज घेताना सर्वाधिक घोटाळा मोझरेलात होतो. पिझ्झासाठी विकला जाणारा ठोकळा किंवा तुकड्यांचे पाकीट म्हणजे कमी ओलाव्याचे मोझरेला. ते वितळण्यासाठी बनवलेले असते, कच्चे खाल्ले तर रबरासारखे लागते. इथे लागते ते पाण्यात बुडवून विकले जाणारे पांढरेशुभ्र, मऊ, ताजे मोझरेला, मोठ्या गोळ्याचे किंवा बोराएवढ्या गोळ्यांचे. इटलीतल्या कांपानिया प्रांताचे प्रसिद्ध मोझरेला म्हशीच्या दुधाचे असते आणि त्या नावाला १९९६ पासून युरोपीय संघाचे भौगोलिक संरक्षण आहे. पनीर त्याची जागा घेऊ शकत नाही. पनीर आंबट घालून फाडलेल्या दुधाचे, तर मोझरेला रेनेट या दूध थिजवणाऱ्या विकराने घट्ट केलेल्या दुधाचा गोळा गरम पाण्यात ताणून केलेले, त्यामुळे दोन्हींचा पोत मुळातच वेगळा. मऊ, लावता येणाऱ्या रिकोटा चीजच्या जागी मात्र श्रीखंडाचा बिनआंबट चक्का उत्तम चालतो. त्यात मीठ, मिरपूड आणि लिंबाची किसलेली साल घालावी.

तेल ऑलिव्हचेच हवे आणि तेही ‘एक्स्ट्रा व्हर्जिन’. या प्रतीत मुक्त आम्लाचे प्रमाण ०.८ टक्क्यांहून जास्त असून चालत नाही. ‘पोमेस’ नावाने स्वस्तात मिळणारे तेल म्हणजे चोथ्यातून काढून शुद्ध केलेले तेल. भाजी परतायला ते ठीक, कच्चे ओतायला निरुपयोगी. ‘एक्स्ट्रा लाईट’ म्हणजे कॅलरी कमी असाही समज आहे, प्रत्यक्षात त्यात कमी असतात ते रंग आणि स्वाद. घरात एकच छोटी बाटली घ्यायची ऐपत असेल तर ती या पदार्थांसाठी राखावी.

बेसिलच्या जागी अंगणातली तुळस घालू नये. तुळशीला लवंगेसारखा तिखट वास असतो, तो चीज-टोमॅटोला दाबून टाकतो. फालुद्यात घालतात तो सब्जा मात्र बेसिलच्याच जातीचे बी आहे. पाच-सहा तास ऊन येणाऱ्या खिडकीच्या जाळीत कुंडी असेल तर सब्जा पेरून कामापुरती पाने मिळतात, वास जरा वेगळा असला तरी घराण्यातलाच. विकतची जुडी फ्रिजमध्ये काळी पडते. ती कोथिंबिरीसारखी गुंडाळून ठेवण्याऐवजी पेल्यातल्या पाण्यात देठ बुडवून ओट्यावर ठेवावी.

काप्रेसे

या सगळ्या प्रकारांत पाहुण्यांसमोर सर्वांत आधी संपतो तो काप्रेसे. नेपल्सजवळच्या काप्री बेटावरून त्याला हे नाव मिळाले. टोमॅटोचा लाल, चीजचा पांढरा आणि बेसिलचा हिरवा हे इटलीच्या झेंड्याचे रंग. मूळ रूपात टोमॅटो आणि मोझरेलाच्या चकत्या ताटलीत एकाआड एक लावतात. उभ्याने खायच्या पार्टीत ते गैरसोयीचे, म्हणून टूथपिकवर लावण्याची पद्धत सगळीकडे पसरली आहे.

चेरी टोमॅटो धुऊन पूर्ण कोरडे करून आडवे अर्धे कापायचे. चीजचे गोळे चाळणीत निथळून सुती फडक्यावर दहा मिनिटे पसरायचे, हे टाळले तर ताटलीत दुधट पाणी साचते. काडीवर आधी टोमॅटोचा एक अर्ध, मग बेसिलचे पान दुमडून, मग चीज आणि शेवटी टोमॅटोचा दुसरा अर्ध कापलेली बाजू खाली ठेवून. असे केले की काडी ताटलीत उभी राहते. पान मोठे असेल तर हाताने फाडावे, सुरीने कापले की कडा काळ्या पडतात. इथवरचे काम पाहुणे यायच्या दोन तास आधी करून झाकून फ्रिजमध्ये ठेवता येते, टोमॅटोला तेवढी थंडी बाधत नाही. मीठ, ताजी कुटलेली मिरपूड आणि तेल मात्र दाराची बेल वाजल्यावर. मिठाने टोमॅटोचे पाणी सुटते आणि पंधरा मिनिटांत पहिली चमक जाते.

वरून बाल्सामिक या इटालियन व्हिनेगरचा दाट पाक ओतण्याची इथे फॅशन आहे. कांपानियातल्या पद्धतीत तो नसतो. आपल्याकडचे टोमॅटो आंबट असतात, त्यावर आणखी आंबट-गोड चढवले की चीजचा नाजूक दुधट स्वाद हरवतो. टोमॅटो फारच आंबट निघाला तर चिमूटभर पिठीसाखर पुरते.

इतर प्रकार

ब्रुस्केत्ता म्हणजे खरे तर निखाऱ्यावर भाजलेल्या पावावर लसूण घासून तेल ओतलेला मध्य इटलीतला साधा पदार्थ. बिनशेगडीच्या मांडणीत भाजलेल्या पावाची जागा बेकरीतला तयार टोस्ट, पातळ मेल्बा टोस्ट किंवा तुरिनकडच्या ग्रिसिनी काड्या घेतात. ठाण्यातल्या घरांमध्ये साधा खाकराही वापरतात आणि तो छान लागतो. टोमॅटो बारीक चिरून, बी काढून, मीठ लावून चाळणीत निथळावा. त्यात बेसिल आणि तेल मिसळून वाडगा वेगळा ठेवावा आणि ज्याने त्याने आपले वाढून घ्यावे. आधीच टोस्टवर रचून ठेवलेले ब्रुस्केत्ता जुलैच्या दमट हवेत काही मिनिटांत मऊ पडतात.

पिंझिमोनियो याहून सोपा : गाजर, काकडी, सेलरी, ढोबळी मिरची यांच्या उभ्या काड्या आणि सोबत वाटीत तेल, मीठ, मिरपूड. एवढेच. तेल चांगले असेल तर यापेक्षा उत्तम काही नाही.

खरबूज किंवा अंजिराबरोबर खारवलेल्या डुकराच्या मांसाचे, प्रोश्शुतोचे पातळ काप ही इटलीची उन्हाळी जोडी. ठाण्या-नवी मुंबईत तिचे शाकाहारी रूपच जास्त दिसते. पुरंदरच्या अंजिराला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळाले. उन्हाळी मिठा बहाराचे ताजे अंजीर बाजारात आले की वरून चिरून फुलासारखे उघडावे, मध्ये चक्क्याचा लहान चमचा, वर अक्रोडाचा तुकडा आणि मधाचा थेंब. हिवाळ्यात महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी काप्रेसेत टोमॅटोऐवजी चालते. हापूस मात्र यात वापरू नये. त्याचा वास इतका दांडगा की बेसिल आणि ऑलिव्हचे तेल दोन्ही वाया जातात.

बरणीतले ऑलिव्ह झाडावरून काढल्यावर कडूजहर असतात, खाऱ्या पाण्यात मुरवल्यावर खाण्याजोगे होतात. आपल्याकडे येणारे खारट असतात, म्हणून एकदा साध्या पाण्यातून काढावेत आणि संत्र्याची साल, ओरिगॅनो, भरडलेली बडीशेप आणि तेल यांत तासभर मुरवावेत. बडीशेप खुद्द इटलीतही ऑलिव्हबरोबर वापरतात, तेव्हा ही काही ओढूनताणून केलेली जोडी नाही.

पेस्तो जेनोव्हा बंदराकडचा, लिग्युरिया प्रांतातला. बेसिल, लसूण, चिलगोजे, किसलेले मुरलेले चीज आणि तेल खलबत्त्यात कुटून तो होतो. चिलगोजे फार महाग, त्यांच्या जागी कोकणातला काजू किंवा अक्रोड घालतात. मिक्सरमध्ये पाने तापून काळवंडतात, म्हणून भांडे आधी फ्रिजमध्ये ठेवून थांबत थांबत फिरवावे. पेस्तो घालून खातात तो पास्ता उकडावा लागतो, तेव्हा तो या नोंदीत येत नाही. इथे पेस्तो टोस्टला लावायला किंवा चक्क्यात मिसळून बुडवून खायला.

झुकिनीच्या सोलाण्याने काढलेल्या पातळ पट्ट्या लिंबू-तेलात लोळवून मांडतात, त्याला कार्पाचो म्हणण्याची रीत आहे. मूळ कार्पाचो कच्च्या गोमांसाचा असतो आणि तो १९५० मध्ये व्हेनिसच्या हॅरीज बारमध्ये तयार झाला.

हवा, वेळ आणि जपणूक

न शिजवलेल्या अन्नात जंतू मारणारी पायरीच नसते, आणि खाडीकाठची उष्ण-दमट हवा त्यांना मानवते. चीज, चक्का, चिरलेले फळ फ्रिजबाहेर दोन तासांहून जास्त ठेवू नये, तापमान ३२ अंशांच्या वर असेल तर एकच तास. मार्च ते जूनच्या दुपारी गच्चीवरच्या पार्टीला हा दुसरा नियम धरावा. सगळा माल एकदम बाहेर काढण्याऐवजी लहान ताटल्या भरून दर पाऊण तासाने नवी ताटली आणणे उत्तम. खाली बर्फाची परात आणि वर ताटली ही लग्नातल्या सॅलड काउंटरची युक्ती घरीही करता येते.

कच्च्या लसणाचे तेल हा दुर्लक्षित धोका आहे. लसूण तेलात बुडवून ओट्यावर ठेवला तर हवाबंद, आम्लरहित जागेत बोट्युलिझम या गंभीर विषबाधेचे विष तयार होऊ शकते आणि त्याला वास किंवा चव असेलच असे नाही. असे तेल त्या दिवसापुरतेच करावे. पालेभाजी आणि बेसिल पिण्याच्या पाण्याने दोन-तीनदा धुवावे, पावसाळ्यात अधिक काळजीने.

संख्येचा अंदाज असा : पुढे जेवण असेल तर माणशी पाच-सहा नग, नुसते स्टार्टरच असतील तर दहा-बारा.

पाहुण्यांची पथ्ये

पार्मेजानो रेज्जानो या अस्सल चीजमध्ये वासराच्या पोटातले रेनेट वापरणे नियमानेच बंधनकारक आहे. पेकोरिनो रोमानोत ते कोकराचे असते. कट्टर शाकाहारी पाहुणे असतील तर सूक्ष्मजीवजन्य रेनेटचे, वेष्टनावर हिरवी खूण असलेले चीज घ्यावे. हे यजमानाने स्वतःहून तपासावे, पाहुण्याला विचारावे लागू नये. जैन मंडळींसाठी लसूण, गाजर, अंजीर आणि मध वगळलेली ताटली वेगळी मांडावी. चातुर्मासात अनेक जण पालेभाजीही सोडतात, मग बेसिलही बाद होते. अशा वेळी खरबूज, ऑलिव्ह आणि काकडी यांवर भागते. श्रावण पाळणाऱ्या मराठी घरांनाही कांदा-लसणाविना हे सगळे चालते. गरोदर स्त्रियांना लिस्टेरिया जंतूच्या भीतीमुळे पाश्चराइज्ड दुधाचेच चीज द्यावे. काजू-अक्रोडाची ॲलर्जी असणारे लहान मूल असेल तर पेस्तोच्या वाटीवर चिठ्ठी लावावी.

उरलेले मोझरेला त्याच्याच पाण्यात बुडवून फ्रिजमध्ये ठेवल्यास दुसऱ्या दिवशी चांगले राहते, तास-दोन तास बाहेर राहिलेले असेल तर ठेवू नये. ऑलिव्ह तेलासह आठवडाभर टिकतात. तेल थंडीने गोठलेले दिसले तरी बिघडलेले नसते, थोडा वेळ बाहेर ठेवले की पूर्ववत होते. उरलेल्या पेस्तोवर तेलाचा थर ओतून बर्फाच्या साच्यात गोठवावा आणि पुढच्या महिन्यात एकेक वडी काढून वापरावी.