एसक्यूएल सर्व्हरवरून एएस/४००चा प्रोग्राम चालवतो तेव्हा नेमकं काय होतं

मी काम करायचो त्या कंपनीत स्टॉक आणि बिलिंग एएस/४०० वर होतं आणि वेबसाइटच्या ऑर्डरी मायक्रोसॉफ्टच्या एसक्यूएल सर्व्हर या डेटाबेसवर यायच्या. एएस/४०० हे आयबीएमचं मशीन १९८८ साली आलं, आता त्याचं नाव आयबीएम आय झालंय पण काम करणारे अजून एएस/४००च म्हणतात. त्यावरचे प्रोग्राम आरपीजी नावाच्या भाषेत, जिची सुरुवात १९५९ची, पंच कार्डाच्या जमान्यातली. कुठल्या गिऱ्हाइकाला उधारी किती, सूट कुणाला, हे सगळं त्या प्रोग्राममध्ये वर्षानुवर्षं मुरलेलं. ते नव्याने लिहीत बसण्यापेक्षा आहे तोच प्रोग्राम एसक्यूएल सर्व्हरवरून बोलवायचा, हे मला आजही सगळ्यात शहाणपणाचं वाटतं.

आणि ते जमतंही. एएस/४०० मध्ये डेटाबेस ऑपरेटिंग सिस्टिमचाच भाग आहे, त्यामुळे आरपीजी प्रोग्रामला हात न लावता डेटाबेसला सांगता येतं की या प्रोग्रामला स्टोअर्ड प्रोसीजर, म्हणजे डेटाबेसमधून नावाने बोलवता येणारा प्रोग्राम, समज, याला ही ही माहिती द्यायची आणि हे उत्तर परत येणार. इकडे एसक्यूएल सर्व्हरमध्ये एएस/४०० ला लिंक्ड सर्व्हर, म्हणजे जोडलेला दुसरा सर्व्हर, म्हणून नोंदवायचं, तिकडचे प्रोग्राम बोलवू देणारं आरपीसी आउट सेटिंग चालू करायचं, की एका ओळीत कॉल जातो.

पण प्रोग्राम चालतो तिकडे. क्यू-झेड-डी-ए-एस-ओ-इनिट असल्या लांबलचक नावाचे जॉब, म्हणजे बाहेरून आलेलं काम करणाऱ्या प्रक्रिया, तिथे आधीच तयार बसलेले असतात, त्यातला एक तुमचा कॉल उचलतो. आता आपल्या स्वयंपाकघरात मिठाचा डबा अंधारातही सापडतो, पण दुसऱ्याच्या घरी ओट्यापाशी उभं राहिलं की प्रत्येक फळी चाचपावी लागते ना, तसंच इथे. प्रोग्राम नुसतं 'ऑर्डर फाइल दे' म्हणतो, कुठल्या लायब्ररीतली, म्हणजे फाइलींच्या कुठल्या कप्प्यातली, ते बहुतेक वेळा सांगत नाही, जॉबच्या लायब्ररी लिस्टमध्ये जी आधी दिसेल ती घेतो. ऑफिसातला माणूस स्क्रीनवर लॉगिन करतो तेव्हा ती लिस्ट एक असते, बाहेरून आलेल्या कॉलला दुसरीच असू शकते. म्हणून स्क्रीनवर सुरळीत चालणारा प्रोग्राम बाहेरून बोलावला की 'फाइल नाही' म्हणतो, किंवा टेस्ट लायब्ररीतली फाइल उचलून मोकळा होतो, आणि हे दुसरं जास्त वाईट कारण एररच येत नाही.

मग अक्षरांचा प्रश्न. कॅपिटल ए आपल्या पीसीवर ६५ नंबरने साठवतात, एएस/४०० वर एबसिडिक पद्धतीत तोच १९३. साधारणपणे मधला ड्रायव्हर बदल करून देतो, पण कॉलमवर ६५५३५ असा कोड लावलेला असेल तर त्याचा अर्थ 'यातलं काही बदलू नका', आणि गिऱ्हाइकाच्या नावाच्या जागी नुसता कचरा दिसतो. युनिकोडच्या आधीच्या मराठी फॉन्टमधली फाइल दुसऱ्या कॉम्प्युटरवर उघडून बघितली असेल त्यांना हे लगेच कळेल.

रकमेचं तर अजून वेगळं. आरपीजीत पैसे बहुधा पॅक्ड डेसिमलमध्ये असतात, एका बाइटमध्ये दोन आकडे आणि शेवटच्या अर्ध्या बाइटमध्ये अधिक-उण्याची खूण. १२३४.५० ही रक्कम सात आकड्यांच्या फील्डमध्ये ०१ २३ ४५ ०एफ अशी चार बाइटमध्ये बसते (एफ ही अधिकची खूण), दशांशचिन्ह कुठे ते फक्त प्रोग्रामला माहीत. प्रोसीजर जाहीर करताना चुकून या रकमेला 'टेक्स्ट' लिहिलं तर डेटाबेस ते खरं मानतो, प्रोग्राम उघडून तपासत नाही, आणि प्रोग्रामच्या हातात भलतेच बाइट पडून डेसिमल डेटा एरर येते.

आमच्याकडे एका रात्री हेच झालं. एका ऑर्डरची नोंद होऊन गेली होती, त्यानंतरच्या पायरीत एरर आली, आणि जुन्या सवयीप्रमाणे प्रोग्रामने ऑपरेटरला विचारलं, पुढे जाऊ की कॅन्सल करू? समोर ऑपरेटरच नव्हता. जॉब उत्तराची वाट बघत थांबला, इकडे एसक्यूएल सर्व्हर कंटाळून टाइमआउट झाला आणि आमच्या कोडने तीच ऑर्डर परत पाठवली. सकाळी एका गिऱ्हाइकाच्या नावावर तोच माल तीनदा.

टाइमआउट म्हणजे 'काम झालं नाही' असं नसतं, 'झालं की नाही कळलं नाही' एवढंच असतं, आणि हा फरक मला त्या सकाळी गोडाऊनमध्ये उभं राहून समजला. १९८४ साली झेरॉक्समधल्या बिरेल आणि नेल्सन यांनी दूरच्या मशीनवरचा प्रोग्राम घरच्यासारखा सहज बोलवता यावा यासाठीची रचना मांडली, पण मधली वायर तुटली तर काय हा प्रश्न त्यांनाही सोडवत बसावं लागलं होतं.

आम्ही पॅरामीटर, म्हणजे प्रोग्रामला द्यायच्या रकमेचा चुकीचा लिहिलेला प्रकार, दुरुस्त केला, लायब्ररी लिस्ट कॉलच्या आधी स्पष्ट सेट केली, आणि प्रत्येक ऑर्डरला इकडूनच एक नंबर द्यायला लागलो. आरपीजी प्रोग्राम आधी तो नंबर आपल्या फाइलमध्ये शोधतो, सापडला तर नवीन नोंद न करता जुनंच उत्तर परत देतो. पुढच्याच आठवड्यात नेटवर्क गेलं, एक ऑर्डर चार वेळा पाठवली गेली, आणि गोडाऊनमधून माल एकदाच निघाला.