लिथियम, झिंक, आयोडीन आणि मूड: या गोष्टी आल्या कुठून

आपल्याकडं चिकोडी-निपाणी काय, खानापूर काय, माणूस सारखा मरगळलेला दिसला की "अंगात काय कमी पडलंय बघ" म्हणून मेडिकलातनं झिंकची नाहीतर मल्टिव्हिटॅमिनची स्ट्रिप आणतात. आता रील्समुळं हे जास्त वाढलंय, पण मिनरलचा आणि मूडचा संबंध लावायची हौस बरीच जुनी आहे. १९२९ ला अमेरिकेत सेव्हन अप आलं तेव्हा त्यात चक्क लिथियम सायट्रेट, म्हणजे लिथियम या खनिजाचं एक मीठ, असायचं, १९४८ मध्ये ते काढलं, आणि पुढच्याच वर्षी ऑस्ट्रेलियात मनोविकारतज्ज्ञ जॉन केड यांनी मॅनियाच्या (मन अति चढून भडकायचा आजार) दहा पेशंटना लिथियम देऊन फरक पडतो असं छापलं. पण त्याच १९४९ ला अमेरिकेत हार्टच्या पेशंटना साध्या मिठाऐवजी लिथियमचं मीठ देत होते, त्यातनं विषबाधा होऊन माणसं दगावली, म्हणून तिकडं औषधाला परवानगी मिळायला १९७० उजाडलं. मग १९९० मध्ये टेक्सासच्या २७ काउंट्यांचा अभ्यास आला, की जिथं पाण्यात लिथियम जास्त तिथं आत्महत्या कमी, आणि २००९ ला जपानच्या ओइतातनं पण तसंच काहीतरी. मला विचाराल तर हे फॉरवर्ड करायला भारी आहे, पण पाण्यातलं लिथियम मायक्रोग्रॅममध्ये आणि गोळीतलं शेकडो मिलिग्रॅम, शिवाय दोन गोष्टी एकत्र दिसल्या म्हणजे एकीमुळं दुसरी झाली असं नसतं.

झिंकची गोष्ट आपल्या ताटाजवळची. मूळचे बिहारचे डॉ. आनंद प्रसाद इराणात शिराजला होते, तिथं वाढ खुंटलेली पोरं आली, खाणं मुख्यतः न आंबवलेली रोटी, आणि १९६१-६३ च्या कामातनं झिंकची कमतरता पुढं आली. धान्याच्या कोंड्यातला फायटेट नावाचा घटक झिंक धरून ठेवतो, मग ते अंगाला लागत नाही, ज्वारीतही फायटेट असतं. म्हणून भाकरी सोडायची नाही हां, सोबत मोड आलेली उसळ खायची, आंबील प्यायची, भिजवल्यानं-आंबवल्यानं फायटेट कमी होतं. डिप्रेशनच्या पेशंटच्या रक्तात झिंक सरासरी कमी सापडतं हे खरं, पण मन उदास म्हणून जेवण कमी की जेवण कमी म्हणून मन उदास, हा गुंता सुटलेला नाही.

सगळ्यात पक्कं आयोडीन, आणि त्याचीच चर्चा कमी. ते नसलं तर थायरॉइड मंदावतो, मग सुस्ती, उदासी, कशात मन लागत नाही. १९५६ पासून डॉ. रामलिंगस्वामींनी कांगडा खोऱ्यात आयोडीनयुक्त मीठ देऊन गलगंड कमी होतो ते दाखवलं, १९६२ ला राष्ट्रीय कार्यक्रम सुरू झाला. तरी बाजारातनं लोणच्यासाठी आणलेलं साधं खडेमीठ कित्येक घरात रोजच्या आमटीतही पडतंच. तेव्हा झिंकची स्ट्रिप घेण्याआधी मिठाच्या पाकिटावर आयोडीन लिहिलंय का बघा, आणि मरगळ जातच नसेल तर डॉक्टरांना विचारून टीएसएच, म्हणजे थायरॉइडची रक्ततपासणी, करून घ्या.