मिशनऱ्याचे आरंभीचे प्रशिक्षण आणि स्पॅनिश भाषा

मिशनऱ्याचे आरंभीचे प्रशिक्षण : धर्मप्रसाराच्या किंवा धार्मिक सेवेच्या कामासाठी परभाषिक प्रदेशात पाठविल्या जाणाऱ्या तरुणाला प्रस्थानापूर्वी दिले जाणारे, बहुधा निवासी स्वरूपाचे शिक्षण. धर्मशिक्षण, समूहजीवनाची शिस्त आणि नेमून दिलेल्या प्रदेशाची भाषा ही त्याची प्रमुख अंगे होत. ज्यांची नेमणूक स्पॅनिश भाषक देशांत होते, त्यांच्या पहिल्या दिवसांचा भार मुख्यतः भाषेवरच पडतो. स्पॅनिशची बहुतेक प्रचलित पाठ्यपुस्तके इंग्रजी भाषक विद्यार्थी गृहीत धरून लिहिलेली असल्याने, ठाणे किंवा नवी मुंबईतून गेलेल्या मराठी भाषक तरुणाला ती जिथे सावध करतात तिथे त्याला फारशी अडचण नसते आणि जिथे तो खरोखर अडखळतो तिथे ती गप्प असतात. म्हणून प्रस्तुत नोंदीत हा विषय मराठी भाषकाच्या बाजूने मांडला आहे.

कॅथलिक संघांमध्ये प्रशिक्षण दीर्घ असते. चर्चच्या कायद्यानुसार नवदीक्षितांचा काळ (नोव्हिशिएट) किमान बारा महिन्यांचा असावा लागतो, आणि परदेशी नेमणूक व तिथल्या भाषेचा अभ्यास हा भाग बहुधा त्यानंतर येतो. नेरूळच्या डॉन बॉस्को शाळेमुळे नवी मुंबईकरांना परिचित असलेल्या सालेशियन संघाची पहिली मिशनरी तुकडी ११ नोव्हेंबर १८७५ रोजी इटलीतील तुरीन येथून निघाली, ती अर्जेंटिनाला. त्या इटालियन तरुणांना स्पॅनिश भाषक देशातच काम करायचे होते. स्पॅनिश शिकून दूरदेशी जाण्याची ही परंपरा अशी जुनी आहे.

याउलट अल्पकालीन आणि अत्यंत सघन प्रशिक्षणाचे सर्वांत ठळक उदाहरण म्हणजे मॉर्मन पंथीयांचे, म्हणजे चर्च ऑफ जीझस क्राइस्ट ऑफ लॅटर-डे सेंट्सचे, अमेरिकेतील यूटा राज्यातील प्रोव्हो येथील केंद्र. त्याची सुरुवात डिसेंबर १९६१ मध्ये झाली. मेक्सिको आणि अर्जेंटिनाला निघालेल्या तरुणांचे व्हिसा रखडले होते. तो रिकामा काळ भाषा शिकण्यात घालवावा या विचारातून संस्था उभी राहिली, आणि म्हणून तिथे शिकविली गेलेली पहिली भाषा स्पॅनिश ठरली. २०१३ मध्ये मेक्सिको सिटीत याच पंथाचे मोठे केंद्र सुरू झाल्यावर स्पॅनिश शिकणाऱ्यांपैकी अनेक जण तिकडे जाऊ लागले. तरुणांसाठी किमान वय २०१२ पासून अठरा वर्षे आहे, सेवेचा काळ दोन वर्षांचा आहे, आणि स्पॅनिशसाठी प्रशिक्षण सुमारे सहा आठवड्यांचे असते. २०२० नंतर त्यातला आरंभीचा भाग घरी राहून, संगणकावरून पूर्ण करण्याची पद्धत रूढ झाली.

केंद्रात पोहोचल्या दिवशी शिकाऊ मिशनऱ्याला नावाची काळी पट्टी मिळते आणि एक जोडीदार नेमून दिला जातो. या जोडीदाराला सोडून कुठेही एकट्याने जायचे नसते. शिक्षक बहुधा स्वतः नुकतेच सेवा संपवून परतलेले तरुण असतात, आणि ते वर्गात शक्य तितके स्पॅनिशमध्येच बोलतात. पहिल्या आठवड्यातच, शब्दसंग्रह जेमतेम जमलेला असताना, समोर बसलेल्या व्यक्तीला स्पॅनिशमध्ये धर्मविषय समजावून सांगण्याचा सराव सुरू होतो. ती व्यक्ती म्हणजे अनेकदा श्रोत्याची भूमिका घेतलेला शिक्षकच असतो. घरच्यांशी बोलण्याची मुभा पूर्वी वर्षातून दोनदाच, नाताळला आणि मातृदिनाला, असे. फेब्रुवारी २०१९ पासून ती आठवड्यातून एकदा झाली. लोकलमध्ये मराठी, हिंदी आणि इंग्रजी या तिन्ही भाषांत सहज वावरणारा मुलगा इथे चार-पाच शब्दांच्या वाक्यांवर येतो. आपल्याला सांगायचे आहे ते आणि आपल्याला सांगता येते ते यांच्यातले हे अंतर, पहाटे उठण्याच्या शिस्तीपेक्षा किंवा घराच्या आठवणीपेक्षाही, पहिल्या दिवसांतील सर्वांत जड गोष्ट असते. तिच्याविषयी प्रशिक्षणात मोकळेपणाने बोलले जावे असे प्रस्तुत लेखकाला वाटते.

भाषेत सर्वप्रथम शिकविली जाते ती प्रार्थना, आणि मराठी भाषकाच्या दृष्टीने हा क्रम फार सोयीचा आहे. ‘पाद्रे सेलेस्त्याल’ (स्वर्गीय पित्या) या संबोधनातला पहिलाच शब्द त्याने लहानपणापासून ‘पाद्री’ या रूपात ऐकलेला असतो. पुढे ‘ते दामोस ग्रासियास’ (आम्ही तुझे आभार मानतो) येते. त्यातील ‘ते’ हे ‘तू’चे रूप आहे. स्पॅनिशमध्ये देवाला एकेरी संबोधतात, हे इंग्रजी भाषकाला मुद्दाम समजावून सांगावे लागते, पण ज्याच्या घरी देवाला आणि आईला ‘तू’च म्हणतात, त्याला त्यात नवल वाटत नाही. अनोळखी प्रौढासाठी ‘उस्तेद’ वापरावे, हेही ‘तुम्ही’ आणि ‘आपण’ यांच्या सवयीमुळे अंगवळणी पडते. खरे नवल तिसऱ्या वाक्यात आहे. ‘ते पेदीमोस के नोस बेन्दीगास’ म्हणजे ‘तू आम्हांला आशीर्वाद द्यावास अशी आमची विनंती आहे’. यातले ‘बेन्दीगास’ हे क्रियापदाचे असे रूप आहे की जे इच्छा, विनंती, शंका अशा भावांसाठी राखलेले असते आणि ज्याच्या भीतीने इंग्रजी भाषक विद्यार्थी महिनेच्या महिने घालवितात. मराठीत ते काम ‘द्यावास’, ‘यावे’, ‘करावे’ ही विध्यर्थी रूपे बऱ्याच अंशी करतात. ‘तुझे नाव पवित्र मानले जावो’ हे वाक्य ठाण्यात मासुंदा तलावाजवळच्या सेंट जॉन द बॅप्टिस्ट चर्चच्या परिसरात वाढलेल्या मुलाच्या ओठांवर असेल, तर ‘सान्तिफिकादो सेआ तु नोंब्रे’ मधले ‘सेआ’ त्याला नियम पाठ न करताही उमगेल.

अशीच दुसरी जवळीक आवडी-निवडीच्या वाक्यांत आहे. ‘मे गुस्ता एल पान’ म्हणजे ‘मला पाव आवडतो’, आणि ‘मे गुस्तान लोस मांगोस’ म्हणजे ‘मला आंबे आवडतात’. आवडणारी वस्तू कर्ता, ज्याला आवडते तो ‘मला’, आणि वस्तू अनेक झाल्या की क्रियापदही अनेकवचनी. ही रचना शब्दाला शब्द मराठीच आहे. नामाप्रमाणे विशेषण बदलणे, किंवा ‘खाल्ले’ आणि ‘खात असे’ यांतला भूतकाळाचा फरक, हेही त्याला परके नाही. अडचणी वेगळ्याच ठिकाणी येतात. मराठीत लिंगे तीन आणि स्पॅनिशमध्ये दोन. त्यामुळे घर, पुस्तक, दूध ही आपली नपुंसकलिंगी नामे कुठे जातील याचा अंदाज लागत नाही. ‘कासा’ (घर) स्त्रीलिंगी, ‘लिब्रो’ (पुस्तक) पुल्लिंगी आणि ‘लेचे’ (दूध) स्त्रीलिंगी. दुसरी अडचण भूतकाळातील कर्मणी रचनेची. ‘मी चिठ्ठी वाचली’ आणि ‘मी पत्र वाचले’ या वाक्यांत आपले क्रियापद कर्माच्या मागे जाते, तर स्पॅनिशमध्ये दोन्हीकडे ‘लेई’च राहते, कारण ते फक्त वाचणाऱ्याकडे पाहते. तिसरी अडचण ‘आहे’ या एका क्रियापदाच्या जागी येणाऱ्या ‘सेर’ आणि ‘एस्तार’ या दोन क्रियापदांची. इथे एक युक्ती उपयोगी पडते. ‘एस आबुर्रीदो’ म्हणजे ‘तो कंटाळवाणा आहे’ आणि ‘एस्ता आबुर्रीदो’ म्हणजे ‘तो कंटाळला आहे’. स्पॅनिश जो फरक क्रियापदात करते, तो मराठी पुष्कळदा विशेषणात किंवा कृदंतात करते, हे ध्यानात आले की चुका कमी होतात.

उच्चारांत मराठी भाषकाची बाजू भक्कम आहे. प, त, क हे अल्पप्राण आणि दंत्य त, द जसेच्या तसे चालतात. ‘पेरो’ (पण) मधला र आपलाच आहे. ‘पेर्रो’ (कुत्रा) मधला घोळविलेला र मात्र कमवावा लागतो. लेखनात ब आणि व यांसाठी वेगळी अक्षरे असूनही उच्चार एकच असल्याने, आयुष्यभर जपलेला ब-वचा भेद विसरावा लागतो, आणि ते शिकण्याहून कठीण आहे.

शब्दांचा ओळखीचा साठाही लहान नाही. १५३४ मध्ये वसई पोर्तुगीजांकडे गेली. ठाणे मराठ्यांनी १७३७ मध्ये आणि वसई १७३९ मध्ये जिंकून घेतली. या सुमारे दोनशे वर्षांत आणि गोव्याच्या दीर्घ संपर्कातून मराठीत आलेले चावी, साबण, पाव, पगार, तंबाखू हे शब्द पोर्तुगीज असले, तरी स्पॅनिशमध्ये त्यांची भावंडे ‘यावे’, ‘हाबोन’, ‘पान’, ‘पागार’, ‘ताबाको’ अशी भेटतात. ‘पागार’ म्हणजे पैसे देणे, हे कळल्यावर महिनाअखेरीच्या पगाराचे मूळ उलगडते.

या परिसराने मिशनऱ्यांचे येणे आणि जाणे दोन्ही पाहिले आहे. एप्रिल १३२१ मध्ये ठाण्यात फ्रान्सिस्कन या कॅथलिक संघाचे चार साधू मारले गेले. त्यांच्यापैकी तिफ्लिसचा (जॉर्जियातील आजचे तिबिलिसी) दिमेत्रियस हा भाषा जाणणारा होता, असे पुढे त्यांच्या अस्थी नेणाऱ्या ओडोरिक या इटालियन फ्रान्सिस्कन प्रवाशाच्या वृत्तांतात आहे. २०१४ पर्यंत ठाणे जिल्ह्यात असलेल्या वसईत सोळाव्या शतकात जन्मलेला गोन्सालो गार्सिया किशोरवयातच जपानला गेला आणि तिथली भाषा इतकी उत्तम शिकला की, मनिलात स्पॅनिश फ्रान्सिस्कनांच्या संघात प्रवेश घेतल्यावर १५९३ मध्ये त्या संघाच्या मोहिमेचे प्रमुख पेद्रो बाउतिस्ता यांच्यासोबत दुभाषा म्हणून त्याला पुन्हा जपानला पाठविण्यात आले. ५ फेब्रुवारी १५९७ रोजी नागासाकीत त्याला मृत्युदंड झाला आणि १८६२ मध्ये संतपद मिळाले. वसईची बोली, पोर्तुगीज, जपानी आणि स्पॅनिशांचा सहवास हे सारे एका माणसात एकत्र आले, ते कोणत्याही प्रशिक्षण केंद्राशिवाय.

केंद्रातील आठवडे संपवून प्रत्यक्ष नेमणुकीच्या गावी पोहोचल्यावर शिकाऊ मिशनऱ्याला अनुभवी जोडीदाराच्या हाताखाली पुढचे शिक्षण घ्यावे लागते, आणि तिथे भाषेची दुसरी बाजू समोर येते. ब्यूनस आयर्समध्ये ‘तू’ऐवजी ‘वोस’ म्हणतात, त्याची क्रियापदे निराळी असतात आणि ‘काये’ (रस्ता) चा उच्चार ‘काशे’ असा ऐकू येतो. कॅरिबियन बेटांवर शब्दाअखेरचा स गळून पडतो. शाळेतली प्रमाण मराठी शिकून घणसोली किंवा कोपरखैरण्याच्या गावठाणात गेलेल्या मुलाला आगरी बोलीत ‘ळ’च्या जागी ‘ल’ आणि ‘ण’च्या जागी ‘न’ ऐकू आला की तो काही क्षण थांबतो, मग कान लावतो आणि चार दिवसांत सरावतो. स्पॅनिशच्या बाबतीतही बहुधा तेवढेच करावे लागते, फक्त चार दिवसांच्या जागी काही महिने लागतात.