खाटेजवळची आई

दुपारी बाराच्या सुमाराला कोल्हापूरच्या सीपीआर या सरकारी रुग्णालयाच्या आवारात उभं राहिलं की हातात डबे घेतलेली माणसं दिसतात. कागल, पन्हाळा, राधानगरीकडून आलेली. आजारी माणसाला आपल्याकडे एकटं टाकत नाहीत. जेवण टाळून टाळून खंगलेल्या मुलामुलींवरच्या उपचाराचा इतिहास वाचताना मला ही माणसं सारखी आठवतात. अशा मुलामुलींच्या खाटेजवळ कोण बसावं, यावर शंभर वर्षांहून जास्त काळ मतं बदलत आली आहेत.

१८७३ साली लंडनमध्ये विल्यम गल आणि पॅरिसमध्ये शार्ल लासेग या डॉक्टरांनी या आजाराचं वर्णन केलं. गल यांनी दिलेलं अ‍ॅनोरेक्सिया नर्व्होसा हे नाव आजही चालतं. ठरल्या वेळी खायला घाला, हा त्यांचा सल्लाही टिकला. पण शुश्रूषेला घरची माणसं सर्वांत वाईट, असंही त्यांनी लिहून ठेवलं. पॅरिसचे मेंदूविकारतज्ज्ञ शार्को तर आईवडिलांना मुलीपासून लांबच ठेवायचे.

उपाशी शरीराला एकदम भरपेट वाढलं तर जिवावर बेततं, हे दुसऱ्या महायुद्धानंतर सुटलेल्या कैद्यांमुळे नीट कळलं. अन्न सुरू झालं की रक्तातलं फॉस्फेट, पोटॅशियम झपाट्याने उतरतं आणि हृदयाची लय बिघडू शकते. म्हणून दाखल करायचं, रोज रक्त तपासायचं, नाडी बघायची आणि खाणं बेताबेताने वाढवायचं. "दोन सलाईन लावा, घरी नेतो" ही घाई धोक्याची आहे. ग्लुकोजच्या सलाईननेही तोच प्रकार होऊ शकतो.

घरच्यांबद्दलचं मत बदलायला मोठा आधार मिळाला तो १९८७ साली. लंडनच्या मॉड्स्ली या मनोरुग्णांच्या हॉस्पिटलमध्ये जेराल्ड रसेल आणि सहकाऱ्यांना दिसलं, की आजार कोवळ्या वयात जडलेला आणि तीन वर्षांच्या आतला असेल, तर वॉर्डातून सुटल्यावर आईवडिलांना सोबत घेऊन केलेला उपचार सरस ठरतो. आपल्याकडे अमृतसरच्या मनोरुग्णालयात डॉ. विद्यासागर यांनी त्याच्या कितीतरी आधी, १९५० च्या दशकातच, रुग्णांच्या घरच्यांना आवारात तंबूत राहायला जागा दिली होती. २०१७ च्या मानसिक आरोग्यसेवा कायद्यानेही अल्पवयीन रुग्णाजवळ पूर्ण वेळ सोबतीचं माणूस बंधनकारक केलं. मुलगी असेल तर बाईमाणूस.

"जाडी होईन" असं सगळ्याच मुली म्हणत नाहीत. "पोट जड वाटतंय", "आत्ताच खाल्लं" असंच ऐकू येतं. मग आई दृष्ट काढते, नंतर पोटाच्या डॉक्टरकडे नेते. दाखल केल्यावर ती खाटेजवळून हलत नाही, पण काय करायचं हे तिला कुणीतरी सांगायला हवं. भाकरीचा तुकडा रुमालात जातोय का ते बघायचं. खाल्लेलं उलटून टाकू नये म्हणून जेवणानंतर तासभर बाथरूमला एकटं सोडायचं नाही. "खा की गं, माझ्यासाठी तरी" असं न म्हणता, ताट संपेपर्यंत शांतपणे शेजारी बसायचं.