फोल्डर स्वतःच्याच पोटात

‘प्रत्येक फोल्डर जास्तीत जास्त एका फोल्डरमध्ये असतो.’ अलॉय नावाच्या सॉफ्टवेअरला मी एवढं एकच वाक्य सांगितलं आणि त्यात बसणाऱ्या मांडण्या दाखवायला लावल्या. दोन-चार नमुन्यांनंतर पडद्यावर एक चौकोन आला. त्यातून निघालेला बाण वळून पुन्हा त्याच चौकोनात शिरत होता. फोल्डर स्वतःच्याच पोटात! माझा नियम मात्र कुठेही मोडला नव्हता. असं चालणार नाही हे मी सांगितलंच नव्हतं. ते इतकं उघड वाटलं होतं की सांगायचं सुचलंही नाही.

सॉफ्टवेअरमधल्या कितीतरी चुका अशा न सांगितलेल्या जागी दडून बसतात. प्रोग्राम लिहिण्याआधी, नुसत्या आराखड्यातच त्या सापडाव्यात म्हणून अमेरिकेतल्या एमआयटी विद्यापीठातले डॅनियल जॅक्सन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अलॉय घडवलं. यात प्रोग्राम लिहायचा नसतो. वस्तू कोणत्या, त्यांची एकमेकांशी नाती काय आणि कोणते नियम कायम पाळले जायला हवेत, एवढंच मांडायचं असतं.

ते बसवायला फार वेळ लागत नाही. संगणकावर जावा, म्हणजे जावा भाषेतले प्रोग्राम चालवणारं सॉफ्टवेअर, हवं. मग अलॉयच्या संकेतस्थळावरून एक जार फाइल उतरवून घ्यायची आणि तिच्यावर दोनदा क्लिक करायचं. उत्तर शोधणारं इंजिन त्याच फाइलमध्ये येतं, त्यामुळे वेगळं काही जोडावं लागत नाही. खिडकी उघडलीच नाही, तर आधी जावा आहे का आणि ते फार जुनं तर नाही ना, हे पाहावं. मेनूत तयार उदाहरणं दिलेली आहेत, पण माझं मत विचाराल तर ती नंतर उघडा. पहिल्या दिवशी स्वतःच्या चार ओळी लिहिण्याने जे कळतं, ते दुसऱ्याचं वाचून कळत नाही.

फोल्डरचंच पाहा. बरोबर तीन फोल्डर घेतले, तर प्रत्येकाला चार पर्याय असतात: कुणाच्याच आत नसणं, किंवा तिघांपैकी एकाच्या आत असणं. म्हणजे एकूण ६४ मांडण्या. ‘कुणीही स्वतःच्या आत नसावं’ हा नियम घातला की २७ उरतात. आता काम झालं असं वाटतं, तोच अलॉय पहिला फोल्डर दुसऱ्यात आणि दुसरा पहिल्यात असं चित्र काढतं. तेही बंद केलं की १८ उरतात, आणि त्यांतल्या दोन मांडण्यांत तिन्ही फोल्डर गोल फिरून एकमेकांच्या आत असतात. एकेक भोक बुजवत बसण्यात अर्थ नाही, हे इथे हाताला कळतं. नियम असा हवा: आतून बाहेर कितीही पायऱ्या चढलं, तरी पुन्हा स्वतःपाशी पोचता येऊ नये. ‘कितीही पायऱ्या’ म्हणायला अलॉयमध्ये टोपीसारखं एक चिन्ह आहे. ते वापरलं की उरतात १६, आणि सगळ्या निर्दोष.

तीनच फोल्डर का? अलॉय काही न सांगता प्रत्येक प्रकारच्या तीनपर्यंतच वस्तू घेतं. आकडा वाढवता येतो, पण दहा फोल्डरच्या मांडण्या २,५९३ कोटींवर जातात. म्हणून अलॉय त्या एकेक करून मोजत नाही. सगळे नियम मिळून ते ‘खरं-खोटं’ अशा चलांचं एक मोठं तर्कसूत्र बनवतं आणि ते सोडवायला इंजिनाकडे देतं. यामागचा विश्वास असा की बहुतेक चुका छोट्या उदाहरणातही दिसतात. तो विश्वासच आहे, सिद्धता नव्हे. म्हणून एखादा दावा, म्हणजे आपल्या नियमांतून निघायलाच हवं असं वाटणारं विधान, तपासून दोष सापडला नाही, तर अलॉय ‘दावा खरा आहे’ म्हणत नाही. ‘खरा असू शकेल’ म्हणतं. हा ‘असू शकेल’ मला फार मोलाचा वाटतो.

नवशिक्याने एक सवय पहिल्यापासून लावून घ्यावी: दावा तपासायच्या ‘चेक’ आज्ञेआधी नमुना मागायची ‘रन’ आज्ञा चालवायची. नियम एकमेकांना छेद देत असतील तर एकही मांडणी शिल्लक राहत नाही. मग दोष सापडायला जागाच नसते, आणि वाटेल तो दावा बिनबोभाट पास होतो.

या छोट्या उदाहरणांची ताकद कॉर्डच्या बाबतीत दिसली. अनेक संगणकांना एका वर्तुळात गुंफून माहिती शोधण्याची ही पद्धत २००१ साली मांडली गेली. ती अचूक असल्याचं सिद्ध करता येतं असं मानलं जाई, आणि त्यावरचे लेख खूप वाचले गेले. संशोधक पामेला झेव्ह यांनी कॉर्डचं छोटं प्रारूप अलॉयमध्ये मांडलं. कायम टिकतात म्हणून सांगितलेल्या सात गुणधर्मांपैकी एकही कायम टिकत नाही, असं त्यांनी २०१२ साली दाखवून दिलं. फोल्डरमध्ये वर्तुळ ही चूक होती. इथे वर्तुळ हाच पाया होता आणि एखादा संगणक त्यात सामील होताना किंवा बाहेर पडताना ते तुटू शकत होतं. झेव्ह पुढे कॉर्डच्या दुरुस्तीच्याही मागे लागल्या, आणि अचूक कॉर्ड कसं असावं ते त्यांनी सिद्धतेसह मांडलं.